हॉलच्या पुढच्या भिंतीवर

आमचा केपू भिंती बघत हिंडतो. दवाखान्यात गेला की डॉक्टरकडे नंतर, आधी भिंतीकडे. लग्नाला गेला की नवरीकडे पाठ आणि हॉलच्या सूचनाफलकाकडे तोंड. मी नव्याने केस कापून त्याच्यापुढे उभी राहिले तरी हा माझ्या डोक्यामागचं कॅलेंडर किती भिकार छापलंय ते सांगणार. शहरातल्या कॉलेजात तो ग्राफिक डिझाइन शिकवतो. अक्षरं कशी मांडायची, रंग कुठला, चित्र केवढं, म्हणजे चालता माणूस थांबून वाचेल, हे पोरांच्या डोक्यात भरायचं. आणि वर त्याचं ते संशोधन, ज्याच्यापायी माझ्या संसारातले सगळे शनिवार वाया गेले. विषय काय, तर टोंगा बेटांवरून इथे आलेली आमची टोंगन माणसं आरोग्याची पोस्टरं वाचत का नाहीत.

"कारण ती वाचण्यासारखी नसतात," मी म्हणायचे.

"हे मला शंभर पानांत लिहायचंय," तो म्हणायचा.

आम्ही न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या मांगेरेत राहतो. पुढच्या घरात मी आणि केपू, मागच्या अंगणातल्या छोट्या घरात माझी नणंद फुसी आणि तिची मुलगी लोसा. फुसी म्हणजे केपूची थोरली बहीण. मी त्यांना वन्संच म्हणायचे, आणि म्हणायचे म्हणजे हात जोडूनच. आमच्यात बहीण भावापेक्षा वरची असते. भाऊ कितीही शिकला, कितीही मोठा झाला, तरी बहिणीपुढे त्याची मान खालीच. तिच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. एका सोफ्यावर बसायचं नाही. टीव्हीवर कोणी कोणाला जवळ घ्यायला लागलं की दोघांतल्या एकाने उठून पाणी प्यायला जायचं. अंगाचं, आजाराचं, बायकी काही तर ओठांवरसुद्धा यायला नको. हल्लीची पोरं कुठली पाळतात! पण केपूचे वडील धर्मोपदेशक, त्यामुळे या दोघांच्या हाडीमाशी मुरलेलं. बोलणं सगळं माझ्यामार्फत. मी या घराचं टपालखातं.

"सिसी, केपूला विचार, रविवारचे कंद कोण आणणार?"

"वन्सं, तो हा काय, दारात उभा आहे."

"मग विचार ना. तोंड काय भाड्याने दिलंयस?"

तो दारातून माझ्याकडे बघून म्हणायचा, "सांग तिला, मी आणतो." आणि वन्सं माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बरं म्हणावं." दोघंही एकमेकांवर जीव टाकायची हो. वन्संसाठी ताज्या माशाचं डोकं आधी मागच्या घरात जायचं, मग आम्हाला शेपूट. मला राग यायचा. यायचाच. पण त्या माणसाचं बहिणीवरचं प्रेम बघून तो राग टिकायचा नाही.

वन्सं सालीचं कापड करायच्या. झाडाची साल कुटून पातळ करायची, तुकडे चिकटवून मोठ्ठं कापड करायचं, आणि त्याखाली ठसा ठेवून वरून तपकिरी रंग घासायचा, की नक्षी उमटते. चर्चच्या हॉलमध्ये बायका लांब फळीला दोन्ही बाजूंनी बसायच्या आणि मधे वन्सं, सगळ्यांत जाड, सगळ्यांत मोठ्याने हसणाऱ्या. ठसा त्यांच्या आईने नारळाच्या पातीच्या शिरा शिवून केलेला. ती नक्षी दुसऱ्या कोणाच्या घरी नाही. लग्न असो, मयत असो, कापड उलगडलं की लोक लांबून ओळखायचे, हे फुसीकडचं.

एका वर्षी आमच्या चर्चमधल्या दोघीजणी गेल्या. छातीची गाठ. दोघींनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. दवाखान्याने हॉलमध्ये पोस्टर लावलेलं होतंच की. गुलाबी फीत आणि एक गोरी, काडीसारखी बाई, समुद्राकडे बघून हसणारी. आमच्या बायकांना वाटलं, सहलीची जाहिरात आहे.

केपूने तो विषय वर्गाला दिला. सहा महिने घर म्हणजे छापखाना झालं. जेवायच्या टेबलावर नमुने, पलंगावर नमुने. त्याची एक विद्यार्थिनी होती, ओफेइना. चाळिशीची, तीन लेकरांची आई, बेकरीतली नोकरी सोडून पुन्हा शिकायला आलेली. ती घरी यायची, माझ्या हातचा चहा प्यायची आणि सरांच्या चित्रांना बिनधास्त नावं ठेवायची, म्हणून मला ती आवडायची.

"सर, ही बाई पास्टरीणबाईंसारखी दिसतेय. हिला गाठ झालेली कोणाला पटेल?"

"मग तू काढ."

"काढते. थोडी जाड काढू का? म्हणजे आमची वाटेल."

शेवटी जमलं. खरंच जमलं, मी नवऱ्याचं कौतुक सहसा करत नाही, पण त्यापुढे मी थांबले. आपल्यातलीच एक बाई, भरलेल्या अंगाची, एक हात वर केलेला आणि दुसऱ्याची बोटं छातीवर. चेहऱ्यावर लाज नाही, भीती नाही. खाली आमच्या भाषेत मोठ्या अक्षरांत, गाठ कशी शोधायची, कोणाला फोन करायचा. फक्त कडा रिकाम्या होत्या.

"किनारीला फुसीचा ठसा हवा," केपू म्हणाला. "तो दिसला की बाई थांबेलच. आपल्या घरचं कोणीतरी बोलतंय असं वाटेल. विचारशील तिला?"

मी विचारलं. "वन्सं, केपूला तुमची नक्षी हवीय. बायकांच्या तब्येतीचं पोस्टर आहे."

"माझ्या भावाला हवी आणि विचारतेस काय? त्याचीच आहे." त्यांनी ठसा ओल्या फडक्याने पुसून, टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिला. तोंडावर असा आनंद, की जणू राजाकडून मागणी आली. "म्हणजे कॉलेजातली सगळी पोरं बघणार?"

"सगळी पोरं, सगळी चर्चं."

"मग कडेचा दोरा सुटलाय तो शिवून देते. थांब."

नवीन छापलेलं पोस्टर टेबलावर पसरलं त्या दिवशी ओफेइना बराच वेळ कप हातात धरून बघत राहिली. मग म्हणाली, "सर, हे बायकांच्या टॉयलेटमध्ये लावू. दाराला आतून. बाई एकटी असते, कडी लावलेली असते, आणि बसलं की दुसरं करायचं काय? वाचायलाच लागतं."

मी फिसकन हसले. केपू मात्र लालभडक झाला. "माझ्या बहिणीचा ठसा? संडासात?"

"तसं नाही सर..."

"तुझ्या भावाने तुझ्या आईची नक्षी नेऊन संडासाच्या दाराला लावली असती तर?"

ओफेइनाने कप खाली ठेवला. "जीव घेतला असता त्याचा," ती म्हणाली. "चुकलं, सर. हॉलमध्येच लावा. पुढच्या भिंतीवर."

मीसुद्धा मान डोलावली. कोणाला काय खटकणार त्यात? इतक्या मानाची किनार, ती मानाच्या जागीच जायची. आम्ही तिघंही त्याच मातीची.

तर पोस्टर पुढच्या भिंतीवर लागलं, उपासनेच्या गाण्यांचे क्रमांक लावायच्या फळीशेजारी. उपासना झाली की सगळे चहाला हॉलमध्ये येतात. केपू पोस्टरच्या बाजूला वही नि कॅमेरा घेऊन उभा. कोण थांबतं, कोण वाचतं, कोण नुसतं बघून पुढे जातं, हे त्याला टिपायचं होतं. तेच तर त्याचं संशोधन. वन्सं बायकांच्या घोळक्यात हसत हसत आत आल्या. लांबून त्यांना आधी आपली नक्षी दिसली. चेहरा फुलला, दोन पावलं भरभर पुढे आल्या. मग आतली बाई दिसली. आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला आपला भाऊ दिसला.

त्यांनी नजर जमिनीला लावली आणि तशाच वळून स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर गेल्या.

मी संध्याकाळी विचारलं, "वन्सं, पोस्टर आवडलं का?"

"किनार झकास छापलीय."

"आणि आतलं?"

"आतलं मी नाही बघितलं. भावाने काढलेलं कसं बघू गं मी?" आणि हसल्या. "तू पण काय विचारतेस! अक्कल चहात बुडवून प्यालीस वाटतं."

मीही हसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी कापडाचं काम हॉलमधून उचलून आपल्या पडवीत आणलं. हॉलमध्ये वारा फार येतो म्हणाल्या.

पोस्टर चाललं. असं चाललं की केपूला स्वतःलाच खरं वाटेना. ओटारातल्या चर्चने मागितलं, ओनेहुंगातल्या चर्चने मागितलं. दवाखान्यातल्या नर्सबाई सांगायला लागल्या, टोंगन बायका येताहेत, स्वतःहून येताहेत, ती नक्षीवाली पाटी बघून आलो म्हणताहेत. वेलिंग्टनला परिषदेत केपूने भाषण केलं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एक बाई आमच्या दारात डुकराचा अख्खा खांदा घेऊन आली. तिची गाठ वेळेवर सापडली होती. केपू घरात नव्हता, म्हणून मी तिला मागे वन्संकडे नेलं, म्हटलं किनार यांची आहे. त्या बाईने वन्संचे हात धरले आणि रडली. वन्संनी तिला पोटाशी धरलं. उजव्या बाजूने नाही, डाव्या बाजूने धरलं. तेव्हा मला काय कळणार?

साल कुटायचं लाकडी दांडकं त्यांनी डाव्या हातात घेतलं तेव्हाही मी म्हटलं, वय झालं, खांदा दुखत असेल.

मग एका सकाळी लोसा मागच्या दाराने आली. हातात आईचा चर्चचा पांढरा पोशाख, गुंडाळलेला. "मामी," एवढंच म्हणाली आणि तो माझ्यापुढे उलगडला. छातीपाशी डाग होता. धुऊन धुऊन तपकिरी पडलेला, आणि त्यावर नवा.

मी धावत गेले. वन्सं पलंगावर बसल्या होत्या, पोलकं सोडलेलं. मला बघून त्यांनी चादर ओढली नाही. दमल्या होत्या लपवून. मी बघितलं. गाठ कसली, ते फुटलेलं होतं.

"अहो वन्सं, हे काय करून बसलात? कधीपासून?"

"हळू बोल. तो अंगणात गाडी धुतोय."

"धुऊ दे मेला! मला का नाही सांगितलंत? मी काय परकी आहे का?"

"तुला सांगितलं म्हणजे त्याला कळलं. तुझ्या पोटात काय राहतं?" त्या अजूनही थट्टाच करत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "त्याला कळलं असतं तर माझ्याकडे बघितलं की त्याला तेच आठवलं असतं. भावाच्या डोळ्यांपुढे मी तशी उभी राहू? मला नको होतं ते, सिसी."

"पोस्टरवर सगळं लिहिलंय हो. सगळं! कुठे हात लावायचा, कोणाला फोन करायचा. अर्धं ऑकलंड तुमची किनार बघून दवाखान्यात गेलं!"

"तिथे तो उभा असायचा गं दर रविवारी."

मी त्यांच्या शेजारी पलंगावर बसले. त्या पुढे बोलल्या.

"एकदा बुधवारी गेले होते. म्हटलं हॉल रिकामा असेल, दार लावून नीट वाचीन. तर हा खुर्चीवर चढून कोपऱ्याला खिळा मारत होता. मला बघून इतका खूश झाला. खाली उतरला, खुर्ची पुसून मला बसायला दिली, आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला, दारात, मला निवांत बसता यावं म्हणून. मग मी कशी उठून भिंतीपाशी जाऊ? त्याला कळलं असतं मी काय वाचतेय. बसले थोडा वेळ. मग आले घरी."

दवाखान्यात त्यांनी सांगितलं ते सांगितलं. उशीर झाला. हाडांत गेलंय. आता दुखणं कमी करू, एवढंच.

केपूला मीच सांगितलं, मी नाही तर कोण? स्वयंपाकघरात. "फुसीवन्संना कॅन्सर आहे."

"कुठे?"

माझ्याने तो शब्द निघेना. त्याची बहीण, आणि मी त्याच्यापुढे तिच्या अंगाचं नाव घेऊ? पंचवीस वर्षांची सवय. फ्रिजवर पोस्टरचा छोटा नमुना चुंबकाने लावलेला होता. मी त्याच्याकडे बघितलं. केपूने माझ्या नजरेच्या रोखाने बघितलं. मग तो टेबलाची कड धरून खाली बसला, फरशीवर, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून स्वतःचं मनगट चावत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने हॉलमधलं पोस्टर उतरवलं. मी भडकले. म्हटलं, "एकीला वाचवता आलं नाही म्हणून बाकीच्यांना मारणार का आता? लाव परत!"

"मी पोरांना काय शिकवत होतो, सिसी? बघणारा कोण ते आधी बघा. पहिल्या तासाला हेच सांगतो. आणि माझ्याच घरात बघणारी कोण, मला माहीत नव्हतं?"

"माहीत असून काय केलं असतंस? जाऊन विचारणार होतास तिला?"

मला नंतर वाटलं, मी असं बोलायला नको होतं.

ओफेइना आली, तिनेच तिढा सोडवला. कोणाला विचारलं नाही की काही नाही. कात्री घेतली, पोस्टरची किनार चारी बाजूंनी कापून केपूच्या मांडीवर ठेवली, आणि आतली बाई नेऊन हॉलच्या बायकांच्या संडासात दाराला चिकटवली. आजही ती तिथे आहे. खाली कोणी कोणी फोन नंबर उतरवून घेताना पेन चालतंय का बघायला काढलेल्या रेघोट्या आहेत.

वन्संना घरीच ठेवायचं ठरलं. त्यांचा पलंग खिडकीशी लावला. आणि केपू त्या खिडकीखाली, बाहेर, उलट्या क्रेटवर बसायला लागला. कॉलेजातून रजा घेतली. पाठ भिंतीला टेकून बसायचा, म्हणजे आतलं काही दिसायला नको. भिंत कसली, पातळ फळ्या. शिंकलं तरी पलीकडे ऐकू यायचं. तरी दोघंही माझ्याशीच बोलायची.

"सिसी, विचार तिला, सूप घेतलं का?"

"त्याला सांग, घेतलं. आळणी होतं. तू केलेलं म्हणून सांग."

"वन्सं, मरताना तरी माझ्या स्वयंपाकाला सोडा."

बाहेरून केपूच्या हसण्याचा आवाज यायचा.

एकदा त्यांनी विचारायला लावलं, "त्याला विचार, त्या दुसऱ्या चर्चमधल्या बायका अजून जातात का तपासायला?"

प्रश्न त्याने ऐकलेला होता. तरी मी खिडकीतून वाकून विचारेपर्यंत थांबला. "सांग, जातात. खूप जणी जातात."

"मग झालं तर. माझा भाऊ हुशारच आहे," वन्सं म्हणाल्या, आणि हे मात्र मला सांग म्हणाल्या नाहीत. ते त्यांनी तसंच मोठ्याने म्हटलं, खिडकीकडे तोंड करून. बाहेर क्रेट करकरलं.

त्यानंतर त्या फारशा बोलल्या नाहीत. नर्सबाई येऊन औषध घालून जायच्या. लोसा पाय चोळत बसायची. शेवटच्या सकाळी लोसा अंघोळीला गेली होती आणि रस्त्यावरून शाळेत जाणाऱ्या पोरांचा गलका चालला होता. मी वन्संचा हात धरून बसले होते. श्वास थांबून थांबून येत होता. एक यायचा, मग मी वाट बघायची, मग दुसरा यायचा. पोरांचा गलका पुढे गेला. मी वाट बघत राहिले. आता घेतील, आता घेतील. त्यांनी घेतला नाही.

"सिसी," बाहेरून केपूचा आवाज आला. "विचार तिला... फार दुखतंय का?"

सगळ्या जन्मात बहिणीच्या शरीराबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. किती दिवस तो मनाशी घोटत बसला असेल त्या क्रेटवर, देव जाणे. माझ्या हातातला हात अजून ऊबदार होता.

"नाही म्हणतात," मी म्हटलं.

"खरंच?"

"खरंच. अजिबात दुखत नाही म्हणतात."

त्याने नाक पुसल्याचं मला ऐकू आलं. "बरं," तो म्हणाला. "तिला म्हणावं, मी इथेच बसलोय."

मी वन्संच्या कानाशी वाकले आणि सांगितलं.